सीमेवरच्या स्थलांतरित कुटुंबांना बँकेपर्यंत नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-मेक्सिको सीमेलगतच्या गावांत मोफत कर-मदत केंद्रांवर, वाचनालयांत किंवा चर्चच्या हॉलमध्ये मदतीला बसणाऱ्या मराठी स्वयंसेवकांसाठी हे पान आहे. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या चारही राज्यांत लागू पडतील असे केंद्रीय नियम इथे दिले आहेत. इमिग्रेशनविषयक सल्ला इथे मिळणार नाही. त्यासाठी वकीलच गाठावा.

खातं नसलेली घरं अमेरिकेत खरंच एवढी आहेत का?

एफडीआयसी म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणारी केंद्रीय संस्था. तिच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ४.२ टक्के घरांमध्ये कुणाचंच बँक खातं नव्हतं. म्हणजे सुमारे ५६ लाख घरं. हिस्पॅनिक घरांमध्ये हेच प्रमाण ९.५ टक्के होतं. कारणांमध्ये सगळ्यात वर होतं ‘किमान शिल्लक ठेवायला पैसे नाहीत’, आणि त्याखालोखाल ‘बँकांवर विश्वास नाही’. नवा स्वयंसेवक आल्या आल्या कागदपत्रांचं बोलायला लागतो. समोरच्या बाईंना मात्र आधी दरमहा किती कापले जातील हे ऐकायचं असतं. सुरुवात तिथून करा.

रोखीवर चाललंय तर चालू द्यावं. त्यात तोटा काय?

समजा आठवड्याच्या मजुरीचा ६०० डॉलरचा चेक येतो आणि चेक वटवणारं दुकान २ टक्के घेतं. दर आठवड्याला १२ डॉलर गेले. ५० आठवड्यांत ६०० डॉलर, म्हणजे अख्ख्या एका आठवड्याची मजुरी नुसती चेक मोडण्यात गेली. भाडं आणि वीजबिल भरायला मनी ऑर्डर घेतली तर तिचं शुल्क वेगळं. घरात ठेवलेली रोकड चोरीला गेली किंवा जळाली तर ती परत मिळत नाही. याउलट बँकेतल्या ठेवीला एफडीआयसीचं आणि क्रेडिट युनियनमधल्या (सभासदांच्या मालकीच्या, बँकेसारख्या सहकारी संस्थेतल्या) ठेवीला एनसीयूए या केंद्रीय संस्थेचं २,५०,००० डॉलरपर्यंत विमासंरक्षण असतं, आणि त्यासाठी ठेवीदार नागरिक असावा लागत नाही.

१ जानेवारी २०२६ पासून यात आणखी एक खर्च वाढला आहे. त्याबद्दल पैसे पाठवण्याच्या प्रश्नात सांगितलं आहे.

सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने व्यक्तीला दिलेला ओळख क्रमांक) नसेल तर खातं उघडता येतं का?

कायदा आड येत नाही. पॅट्रियट ॲक्टच्या कलम ३२६ खालच्या नियमानुसार बँकेने ग्राहकाच्या चार गोष्टी घ्यायच्या असतात: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक. अमेरिकी नागरिक नसलेल्यासाठी हा क्रमांक पुढीलपैकी कोणताही एक चालतो: करदाता क्रमांक (त्यात आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांचा करदाता क्रमांक, आलाच), पासपोर्ट क्रमांक व तो देणारा देश, एलियन (परदेशी नागरिकाला अमेरिकी सरकारने दिलेल्या) ओळखपत्राचा क्रमांक, किंवा राष्ट्रीयत्व वा रहिवास दाखवणाऱ्या, फोटो असलेल्या इतर सरकारी कागदाचा क्रमांक. मेक्सिकोच्या वकिलातीकडून मिळणारं मात्रिकुला कॉन्सुलार हे ओळखपत्र या शेवटच्या प्रकारात बसतं. त्याची मुदत पाच वर्षांची असते. ती संपलेली नाही ना, हे घरून निघण्याआधीच बघा.

एक गोष्ट ठामपणे सांगायची: बनावट किंवा दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका. तो केंद्रीय गुन्हा आहे. नंबर नसेल तर फॉर्मवर ती जागा रिकामी ठेवून ‘पासपोर्टवर उघडायचंय’ असं सांगता येतं.

मग काउंटरवरून परत का पाठवतात?

नियम म्हणतो ‘चालतं’. ‘स्वीकारलंच पाहिजे’ असं म्हणत नाही. कोणता कागद घ्यायचा हे प्रत्येक बँक आपल्या धोरणात ठरवते. शिवाय एकाच बँकेच्या दोन शाखांत कर्मचाऱ्यांची माहिती सारखी नसते. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन अर्ज सोशल सिक्युरिटी नंबराशिवाय पुढे सरकतच नाही, पण तीच बँक शाखेत पासपोर्टवर खातं उघडते. ऑनलाइन नकार मिळाला की कुटुंब समजतं दार बंद झालं, आणि वर्षभर तिकडे फिरकत नाही.

म्हणून आधी फोन करा, आणि ‘स्थलांतरितांना खातं देता का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कुणीतरी अंदाजाने देतं. नेमकं विचारा: सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या ग्राहकाकडून कोणतं पहिलं आणि कोणतं दुसरं ओळखपत्र घेता? मात्रिकुला पहिलं धरता की दुसरं? पासपोर्टवर व्हिसा लागतो का? सुरुवातीला किती रक्कम भरायची? ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं नाव आणि ते शाखेत असण्याची वेळ लिहून घ्या, आणि कुटुंबाला त्याच वेळी पाठवा.

क्रेडिट युनियनमध्ये ‘हुंतोस अवान्सामोस’ हे मानांकन असेल तर काम बहुधा सोपं जातं. हा उपक्रम २००५ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाला आणि आता इन्क्लुसिव्ह ही संस्था तो देशभर चालवते. हिस्पॅनिक आणि स्थलांतरित सभासदांना त्यांच्या भाषेत सेवा देणाऱ्या क्रेडिट युनियनना हे मानांकन मिळतं. मेक्सिकोच्या वकिलातींमध्येही आर्थिक सल्ल्याची खिडकी असते. मात्रिकुला घ्यायला जाणार असाल तर त्याच फेरीत तिथेही चौकशी करून या.

नावातली गडबड म्हणजे नेमकं काय होतं?

सगळ्यात जास्त खोळंबा इथेच होतो. मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं आणि मग आईकडचं. समजा पासपोर्टवर ‘मारिया एलेना गोन्सालेस लोपेस’ आहे. काउंटरवरचा कर्मचारी घाईत शेवटचा शब्द आडनाव म्हणून टाकतो, आणि बँकेत त्या ‘मारिया ई. लोपेस’ होतात. मालकाच्या पगारपत्रकात त्या ‘मारिया गोन्सालेस’ असतात. आयटीआयएनच्या पत्रावर दोन आडनावांमध्ये जोडरेघ पडलेली असते. मग चेक भरताना बँक नाव जुळत नाही म्हणून अडवते आणि दोष मारियाबाईंवर येतो.

उपाय साधा आहे. कर्मचाऱ्याने सही घेण्याआधी पडदा वळवून दाखवावा अशी विनंती करा आणि नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. दोन्ही आडनावं आडनावाच्या रकान्यातच हवीत. तारीखही बघा: मेक्सिकन कागदावर आधी दिवस असतो, अमेरिकी फॉर्मवर आधी महिना. ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल, हे जन्मतारीख चुकीची नोंदली गेल्यावर कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. महिना अक्षरात लिहून न्यावा.

कोलोनियात राहणाऱ्यांना धड पत्ताच नसतो. तिथे काय करायचं?

टेक्सासच्या सीमेवर पाणी, गटार, रस्ते पुरते न पोचलेल्या वस्त्या आहेत. त्यांना कोलोनिया म्हणतात. तिथल्या बऱ्याच घरांची टपाल पोस्ट ऑफिसच्या पेटीत येते. पेटीचा क्रमांक पत्रव्यवहारासाठी चालतो, राहण्याचा पत्ता म्हणून चालत नाही. पण याच नियमात पुढची वाट आहे: घराचा किंवा कामाचा रस्त्याचा पत्ता नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या दुसऱ्या व्यक्तीचा रस्त्याचा पत्ता देता येतो. ग्रामीण टपालमार्गावरच्या पेटीचा क्रमांकही घेतला जातो. काउंटरवर हे माहीत नसेल तर शांतपणे ‘अनुपालन विभागाला (बँक नियम पाळते ना हे बघणाऱ्यांना) विचारता का’ म्हणावं. पुरावा म्हणून वीजबिल, भाडेकरार किंवा शाळेचं पत्र न्यावं, आणि त्यावरचं नाव खातं उघडणाऱ्याचं असावं. बिल नवऱ्याच्या नावावर आणि खातं बायकोचं, हे नेहमीचं अडखळणं आहे.

आयटीआयएन आधी काढावा का?

नुसतं खातं उघडण्यासाठी तो लागेलच असं नाही. कर भरायला, व्याजाचं खातं ठेवायला आणि पुढे पत उभी करायला तो उपयोगी पडतो. नऊ आकडी, ९ ने सुरू होणारा हा क्रमांक आयआरएस, म्हणजे केंद्रीय करखातं, १९९६ पासून देतं. अर्ज डब्ल्यू-७ या फॉर्मवर, आणि बहुतेकांना तो करविवरणासोबतच पाठवावा लागतो. पासपोर्ट हा एकटा पुरेसा कागद आहे. तो नसेल तर दोन कागद जोडावे लागतात. नोटरीने शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. मूळ कागद हवा, किंवा तो देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायची भीती वाटत असेल (वाटायलाच हवी) तर आयआरएसने मान्यता दिलेला प्रमाणन एजंट किंवा आयआरएसचं करदाता सहाय्य केंद्र गाठा; तिथे कागद पाहून लगेच परत देतात. उत्तर यायला साधारण सात आठवडे लागतात, १५ जानेवारी ते ३० एप्रिलच्या गर्दीत नऊ ते अकरा. सलग तीन वर्षं करविवरणात वापरला नाही तर क्रमांक बाद होतो. जुना आयटीआयएन सांगणाऱ्याला शेवटचं विवरण कधी भरलं हे आधी विचारा.

आयटीआयएनने काम करायचा परवाना मिळत नाही आणि कमावत्यांसाठीची कर-सवलतही मिळत नाही. आणि हल्ली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये: एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस आणि होमलँड सिक्युरिटी खात्यात (इमिग्रेशनची कारवाई याच खात्याकडे असते) माहिती देण्याबाबत करार झाला, आणि तो न्यायालयात गेला. ज्यांचं इथलं वास्तव्य कागदावर पक्कं नाही त्यांनी नवा डब्ल्यू-७ भरण्याआधी वकिलाशी बोलावं. ‘काही होत नाही हो’ असं स्वयंसेवकाने म्हणू नये.

आणखी एक सावधगिरी: मेक्सिकोत नोतारियो हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो, इथला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. ‘नोतारियो’ अशी पाटी लावून शेकडो डॉलर घेऊन डब्ल्यू-७ भरून देणारे बरेच आहेत.

बँक आपली माहिती इमिग्रेशनला कळवते का?

ओळख पटवण्याच्या नियमात इमिग्रेशनचा दर्जा विचारणं बंधनकारक नाही, आणि १९७८ च्या आर्थिक गोपनीयता कायद्यामुळे केंद्र सरकारला व्यक्तीच्या बँक-नोंदी समन्स, वॉरंट अशा प्रक्रियेशिवाय सहसा मागता येत नाहीत. पण ‘कधीच कुणाला कळणार नाही’ अशी हमी देऊ नका. माहिती पूर्ण सांगा, निर्णय कुटुंबाला घेऊ द्या.

पूर्वी एका बँकेने खातं बंद केलं होतं. आता कुणीच उभं करत नाही.

नाव चेक्ससिस्टम्समध्ये, म्हणजे बंद पडलेल्या खात्यांची माहिती बँकांना पुरवणाऱ्या संस्थेच्या यादीत, असेल. खातं उणे शिलकीत सोडून दिलं की बँक तिथे नोंद करते आणि ती साधारण पाच वर्षं राहते. दर बारा महिन्यांत एकदा हा अहवाल फुकट मागवता येतो. आधी तो मागवा, अंदाजाने बँका पालथ्या घालू नका. कित्येकदा ४०-५० डॉलरची थकबाकी असते. ती भरून, भरल्याची नोंद करून घेतली की अडथळा बराच हलका होतो. नोंद चुकीची असेल तर लेखी आक्षेप घ्या. तोवर ‘दुसरी संधी’ प्रकारचं खातं देणारी बँक शोधावी.

कोणतं खातं घ्यावं?

‘बँक ऑन’ प्रमाणित, म्हणजे कमी खर्चाच्या खात्याच्या निकषांत बसणारं. हे निकष सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड ठरवतो: उघडताना २५ डॉलर किंवा कमी, महिन्याला ५ डॉलरपर्यंत शुल्क (माफ होण्याची सोय असेल तर १० पर्यंत), आणि ओव्हरड्राफ्टचा (शिलकीपेक्षा जास्त काढल्याचा) दंड अजिबात नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. ‘फ्री चेकिंग’च्या जाहिरातीला भुलू नका, तिच्या तळटिपेत किमान शिल्लक लपलेली असते.

खातं उघडलं. झालं ना काम?

अर्धंच. खरं काम पहिल्या तीन महिन्यांत असतं. बंद पडणारी बरीच खाती याच काळात बंद पडतात.

पहिला फटका चेकचा बसतो. खातं नवं असताना, म्हणजे पहिले ३० दिवस, साध्या चेकचे पैसे किती दिवसांत मोकळे करायचे याला कायद्याने मुदत घातलेली नाही. बँक आठवडा-दीड आठवडा थांबवू शकते. इकडे कुटुंबाने भाडं त्याच पैशांवर धरलेलं असतं. दुकानात चेक लगेच मोडत होता आणि बँकेत अडकला, म्हणजे बँक वाईट, असा निष्कर्ष निघतो, आणि त्यांच्या जागी कुणीही तोच काढेल. म्हणून पहिले दोन आठवडे भाड्याचे पैसे खात्याबाहेर ठेवायला सांगा. रोख भरलेली आणि इलेक्ट्रॉनिक आलेली रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळते. त्यामुळे पगार थेट खात्यात घेता आला तर हा प्रश्न मुळातून सुटतो. त्यासाठी मालकाला नऊ आकडी राउटिंग नंबर (बँकेची ओळख सांगणारा क्रमांक) आणि खाते क्रमांक द्यायचा. डेबिट कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक नाही. ही चूक फार होते.

दुसरा फटका फोनचा. प्रीपेड सिम संपलं की नंबर बदलतो, ओटीपी जुन्या नंबरवर जातो, ॲप कुलूपबंद होतं. नंबर बदलला तर त्याच दिवशी शाखेत कळवायचं, हे कागदावर लिहून द्या.

तिसरा, आपोआप कापली जाणारी वर्गणी. व्यायामशाळा, फोन कंपनी किंवा गाडीचा विमा खात्याला जोडला आणि पगार दोन दिवस उशिरा आला की रक्कम परत जाते, आणि तिकडून दंड येतो. पहिले तीन महिने कोणतंही बिल आपोआप कापायला लावू नये.

घरी पैसे पाठवताना काय बघायचं?

शुल्क नव्हे, समोर हातात किती पडतात ते. समजा ३०० डॉलर पाठवायचे आहेत. एक जण ३ डॉलर शुल्क घेऊन १८.५० पेसोचा दर देतो, दुसरा ‘शुल्क शून्य’ म्हणून १८ चा. ३०० डॉलरवर दरातला फरक १५० पेसोंचा, म्हणजे आठ डॉलरहून जास्त. ‘शून्य’वालाच महाग पडला. १५ डॉलरवरच्या रकमेसाठी पैसे देण्याआधी शुल्क, दर आणि पोचणारी रक्कम लेखी दाखवायचं बंधन २०१३ पासून आहे. पैसे दिल्यापासून ३० मिनिटांच्या आत, समोरच्याने उचलले नसतील तर, रद्द करून सगळी रक्कम परत मागता येते. रक्कम कमी पोचली किंवा पोचलीच नाही तर १८० दिवसांत तक्रार करायची. पावती फेकू नये ती यासाठी.

आता नवा खर्च: २०२६ पासून रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशिअर चेक (बँकेने स्वतःच्या नावे काढलेला चेक) देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर १ टक्का केंद्रीय कर लागतो. अमेरिकी बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवले तर लागत नाही. ३०० डॉलरवर ३ डॉलर. महिन्यातून दोनदा पाठवणाऱ्याला वर्षाला ७२ डॉलर, म्हणजे साध्या बँक ऑन खात्याच्या वर्षभराच्या शुल्काहून जास्त.

रोकड घेऊन सीमेवरचा पूल ओलांडता येतो का?

हो, कितीही. १०,००० डॉलरहून जास्त असेल तर फिनसेन या अर्थखात्याच्या विभागाचा फॉर्म १०५ भरून जाहीर करायची, जाताना आणि येताना दोन्हीकडे. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल तर रक्कम एकत्र मोजतात. चौघांच्या खिशांत वाटून ‘प्रत्येकी कमीच आहे’ म्हणणं महागात पडतं, सगळी रक्कम जप्त होऊ शकते.

बँकेतही तसंच. १०,००० वर रोख भरली की बँक अहवाल पाठवते. तो नेहमीचा कागद आहे, आरोप नाही. तो टाळायला रक्कम तोडून तोडून भरणं मात्र गुन्हा आहे, पैसा कितीही कष्टाचा असला तरी. सीमेवर यात भर पडली: फिनसेनच्या मार्च २०२५ च्या आदेशाने कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या ३० पिनकोडांत पैसे पाठवणाऱ्या व चेक वटवणाऱ्या दुकानांना २०० डॉलरवरच्या रोख व्यवहाराचाही अहवाल द्यायला सांगितलं, सप्टेंबरमध्ये ती मर्यादा १,००० केली. त्यामुळे दुकानात अचानक ओळखपत्र मागितलं तर दुकानदाराशी भांडू नका.

प्रीपेड कार्डावर भागेल का?

तात्पुरतं. नाव नोंदवलं असेल तर एप्रिल २०१९ पासून चोरी आणि चुकीच्या व्यवहारापासून बरंच संरक्षण आहे. पण पैसे भरायला, काढायला आणि शिल्लक बघायलाही शुल्क कापणारी कार्डं आहेत. शुल्काचा तक्ता आधी वाचा.

टांडात नियमित पैसे भरतात, तरी पत शून्य. असं का?

टांडा म्हणजे आपली भिशीच. शिस्त पक्की, पण तिची नोंद लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे (क्रेडिट ब्युरोंकडे) जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन ॲसेट फंडाने हीच पद्धत बिनव्याजी कर्जाच्या रूपात बसवली आणि हप्त्यांची नोंद होऊ लागली. जवळ तशी सोय नसेल तर क्रेडिट युनियनचं पत-उभारणी कर्ज घ्या: रक्कम आधी त्यांच्याकडेच अडकून राहते, हप्ते फिटले की तुमच्या हातात येते. फायको गुण (पत किती आहे हे सांगणारा आकडा) दिसायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात बघत बसू नका. आयटीआयएनवर अशी कर्जं देतात का, हे सभासद होण्याआधी विचारून घ्या.

लगेच पैसे हवेत, पे-डे कर्ज (पुढच्या पगाराला फेडायचं छोटं कर्ज) घ्यावं का?

नको. १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर ऐकायला कमी वाटतात. वार्षिक दर ३९० टक्क्यांच्या वर जातो. केंद्रीय क्रेडिट युनियनचं पर्यायी कर्ज २०० ते १,००० डॉलरचं, २८ टक्के कमाल दराचं, एक ते सहा महिन्यांचं असतं. त्यासाठी किमान महिनाभर सभासद असावं लागतं. दुसऱ्या प्रकारात २,००० पर्यंत मिळतं आणि ही अट नसते, पण तो सगळीकडे देत नाहीत. गरज पडण्याआधी सभासद व्हायचं ते यासाठी.

राहायला पलीकडे, कामं आणि नातेवाईक इकडे. अशांचं काय?

अनिवासी माणसालाही खातं मिळतं, शाखेत समक्ष जावं लागतं. करासाठी बँक डब्ल्यू-८बेन (परदेशी रहिवासी असल्याचं सांगणारा फॉर्म) भरून घेते. तो सही केल्याच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत चालतो. नवा मागणारं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं की खातं अडतं.

कमावता माणूस अचानक देशाबाहेर गेला तर खात्यातले पैसे जातात का?

जात नाहीत, ते त्याचेच राहतात. अडचण पोचायची असते. खातं एकाच्याच नावावर, फोन बंद, कार्ड घरात आणि पिन कुणाला माहीत नाही, असं झालं की भाड्याच्या दिवशी घर हवालदिल होतं. खातं उघडतानाच विश्वासातलं दुसरं नाव संयुक्त खातेदार म्हणून घालावं, हे लक्षात ठेवून की त्या व्यक्तीलाही सगळे पैसे काढता येतात. ते नको असेल तर मुखत्यारपत्र करावं. बँकेचा स्वतःचा नमुना असेल तर तोच वापरा, बाहेरचा करून नेल्यास तपासणीत दिवस जातात. मृत्यूनंतर कुणाला द्यायचे ते नावही त्याच दिवशी नोंदवता येतं.

बाहेर गेलेल्याने ॲपमधून अधूनमधून लॉगिन करत राहावं आणि पत्ता बदलून घ्यावा. साधारण तीन ते पाच वर्षं, राज्यानुसार, खात्यात काहीच हालचाल नसेल तर रक्कम राज्याच्या ‘बेवारस मालमत्ता’ खात्याकडे जाते. तिथूनही ती फुकट परत मागता येते. राज्याच्या संकेतस्थळावर नाव शोधताना दोन्ही आडनावं वेगवेगळी टाकून बघा.